माती खांद्यावर लावतात

पाकीट फोडल्यावर पहिल्यांदा मला आनंद झाला, हे आधीच सांगून टाकतो. मुखपृष्ठावर आमचा नायक उभा होता. आमच्या वेळी ज्या कागदावर तो छापला जाई, तो वर्तमानपत्राच्या कागदापेक्षा जेमतेम बरा असे. आता तो गुळगुळीत, जड कागदावर उतरला होता. आतल्या पानावर ‘मूळ कथा’ म्हणून माझे नाव होते आणि ‘मूळ चित्रे’ म्हणून माझ्या मित्राचे. पन्नाशी उलटलेल्या माणसाला स्वतःचे नाव छापून आलेले पाहून अजूनही असे काही व्हावे, याची थोडी लाजही वाटली. मग मी चहाचा कप हातात घेऊन पाने उलटू लागलो. शेवटच्या पानांपर्यंत पोहोचलो आणि कप खाली ठेवला.

तिथे आमचा नायक एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांत माती फेकत होता.

हे चित्र पाहून मला जे वाटले ते समजण्यासाठी मूळ चित्रकथा काय होती, हे थोडे सांगावे लागेल. आम्ही दोघे तेव्हा विशी ओलांडलेले होतो. मी कोल्हापूरशेजारच्या शिरोलीत एका फाउंड्रीत कारकून होतो. मित्र दिवसा गाड्यांच्या नंबरप्लेटी रंगवी आणि उरलेल्या वेळात चित्रे काढी. गावातल्याच एका छापखान्याने आमची मालिका काढली; ती एस.टी. स्टँडवरच्या टपऱ्यांत आणि जत्रांत विकली जाई. काही वर्षे चालली, मग बंद पडली. तिच्यातले जग ‘मोठ्या कोरडी’नंतरचे होते. नद्या आटल्या आहेत, रंकाळा तलावाच्या जागी भेगाळलेले मैदान आहे, शहरे ओस पडली आहेत. उरलेल्या माणसांमधून एक तरुण पैलवान पाणी शोधत हिंडतो. त्याच्या कमरेला एक पिशवी असते आणि तिच्यात त्याच्या तालमीच्या हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, लाल माती असते. ज्याच्याशी लढण्याची वेळ येईल, त्याच्या खांद्यावर तो आधी चिमूटभर माती लावतो आणि मगच त्याला हात घालतो.

तालमीत हे रोजचे आहे. घामाने अंग निसरडे होते, पकड सुटते. म्हणून पैलवान एकमेकांच्या अंगाला माती लावतात. मला धरायला तुला अडचण पडू नये, एवढी सोय मी तुझी करून देतो; मग तुझी ताकद आणि माझी ताकद काय ते ठरवील. आमचा नायक कोणाला मारत नसे. तो चीत करी आणि हात देऊन उठवी. जग बुडाल्यावरही माणसाने पाळायचे काही उरते की नाही, एवढाच आमच्या कथेचा प्रश्न होता, आणि खांद्यावरची ती माती हे आमचे उत्तर होते. डोळ्यांत माती टाकणाऱ्याला मात्र कोणत्याही तालमीतून पायताणाने मारून बाहेर काढतील.

आणि तो म्हातारा. तो नायकाचा वस्ताद होता. सारी पेठ सोडून गेली तरी तो तालमीच्या आडावर बसून राहतो आणि उरलेले पाणी ओंजळीओंजळीने वाटतो. त्याला चेहरा दिला तो माझ्या मित्राने, स्वतःच्या वडिलांचा. तेही वस्ताद होते. आमच्या पेठेतल्या तालमीत त्यांनी दोन पिढ्यांचे पैलवान घडवले. त्याच तालमीत गणपती बसतो आणि मोहरमला पीरांचे पंजेही बसतात. ज्या वर्षी दोन्ही एकत्र आले त्या वर्षी शेजारी शेजारी बसले. आमचा वस्ताद कोणत्या धर्माचा, असे आमच्या एकाही वाचकाने कधी विचारले नाही. आम्हीही सांगितले नाही, कारण ते सांगायचे असते हेच आम्हाला ठाऊक नव्हते.

नव्या पुस्तकात त्या वस्तादाने पाणी विकले होते. बंदुकवाल्या टोळीशी संगनमत करून त्याने आपल्याच पेठेचा आड त्यांच्या हवाली केला होता. मोडलेले कान तेच, कपाळावरची जखमेची खूण तीच, नाकाचा बाक तोच; जुन्या चित्रावर कागद ठेवून गिरवल्यासारखे. फक्त मूळ चित्रातल्या पिळदार मिशीच्या जागी लांब दाढी आली होती, डोळ्यांत सुरमा आला होता आणि गळ्यात हिरवा रुमाल. फितूर कोण हे वाचकाने पहिल्याच चौकटीत ओळखावे, म्हणून एवढी मेहनत घेतली होती. त्या दाढीची गरज कोणाला होती? कथेला नव्हती. मी ते पान पुन्हा पुन्हा पाहिले आणि पुस्तक पालथे टाकले. मला राग क्वचित येतो. आला तरी तो मी सहसा सौजन्याच्या घडीत गुंडाळून ठेवतो, आणि या सवयीला मी इतकी वर्षे सद्‌गुण समजत आलो.

या साऱ्याला संमती मीच दिली होती. पुण्याच्या प्रकाशकांचा फोन आला तेव्हा त्यांनी ‘नव्या पिढीला रुचतील असे काही बदल’ म्हटले आणि मी ‘अवश्य करा’ म्हणालो. मित्राला विचारले तर तो म्हणाला, “तू बघ लेका, मला त्यातलं काय कळत न्हाय.” म्हणून दोघांच्या वतीने मी बोललो. चपलांच्या जागी बूट येणार होते. मी हो म्हटले. उन्हाळ्यात चामड्याचा लांब कोट येणार होता. त्यालाही हो म्हटले. कच्ची पाने मी मागितली नाहीत, कारण मागणे मला संशयी वाटले. प्रकाशन समारंभ कोल्हापुरातच येत्या रविवारी होता, आणि त्यात आणखी एक गोष्ट ठरली होती, तीही माझ्याच बोलण्यावरून. मूळ वस्ताद अजून हयात आहेत, असे मी कौतुकाने सांगून बसलो होतो. प्रसिद्धीचे काम पाहणाऱ्या माणसांनी त्यांना परस्पर फोन करून व्यासपीठावर सत्कारासाठी बोलावले होते. ज्या म्हाताऱ्याला पुस्तकात फितूर केले, त्यालाच त्या पुस्तकाच्या समारंभात बसवून शाल घालायची होती. दुष्टपणाने नव्हे; एका खोलीतल्या माणसांनी दुसऱ्या खोलीतल्या माणसांचे काम वाचले नव्हते, एवढेच. पण ज्याच्या डोळ्यांत माती जाते त्याला हेतू विचारून काय करायचे?

मी संपादकांना फोन केला. तिशीतले, हुशार, अगत्याने बोलणारे गृहस्थ.

“सर, मिळालं ना? कसं वाटलं?”

“शेवटच्या पानांबद्दल बोलायचं होतं. ती माती...”

“हो हो! ती आम्ही मुद्दाम ठेवली, सर. तुमच्या सगळ्या जुन्या अंकांत आहे ना, लढाईच्या आधी तो समोरच्यावर माती फेकतो. अ‍ॅक्च्युअली टीममध्ये सगळ्यांना तीच सिग्नेचर मूव्ह वाटली.”

“तो फेकत नाही. लावतो. खांद्यावर.”

“पण चित्रात हात तर फेकल्यासारखाच आहे, सर. आणि खाली कुठे काही लिहिलेलं नाहीये.”

ते खरे होते. मी जुने अंक काढून पाहिले. हात पुढे आलेला, बोटे उघडलेली, मातीचे कण हवेत. एकाही चौकटीखाली आम्ही एक शब्द लिहिला नव्हता, कारण स्टँडवर अंक घेणाऱ्या प्रत्येकाला ते कळत होते. चित्र थांबलेले असते. माती कुठे पोहोचणार हे पाहणारा ठरवतो. या माणसांनी पाहिले आणि त्यांना ती डोळ्यांत जाताना दिसली. कोणाला तरी एकदा विचारावे, असे त्यांच्यापैकी एकालाही वाटले नाही. माझा संताप न कळण्यावर नव्हता. न विचारण्यावर होता.

“आणि वस्ताद?” मी विचारले. “त्यांना दाढी का दिली?”

“कॅरेक्टर डिझाइन आहे, सर. व्हिलनला एक आयडेंटिटी लागते.”

“तो चेहरा जिवंत माणसाचा आहे. रविवारी तुम्ही त्यांना शाल देणार आहात.”

मग ते म्हणाले, “ओह. पण सर, त्या वयात ते एवढं डिटेलमध्ये बघणार आहेत का?”

मी ‘बघतो’ म्हणून फोन ठेवला. मी नेहमी ‘बघतो’च म्हणतो.

संध्याकाळी पुस्तक घेऊन मित्राच्या घरी गेलो. तो आता फ्लेक्स छापण्याचे दुकान चालवतो. त्याने पाने पाहिली, दाढीवर बोट ठेवले आणि दबक्या आवाजात म्हणाला, “आब्बांना जल्मात दाढी न्हवती रे. मिशीला पीळ हुता.” एवढ्यात आतून हाक आली.

“कोण, लेखक आलाय काय? ये की आत. आन् पुस्तक आण.”

वस्तादांनी नव्वदी गाठली आहे. दिसते कमी, ऐकू त्याहून कमी, पण आवाज अजून हौद्याच्या कडेला उभ्या राहिलेल्या माणसाचा आहे. खुंटीवर धुऊन ठेवलेला फेटा होता.

“ऐतवारी फेटा बांधाय माणूस सांगितलाय,” ते म्हणाले. “हल्ली पोरांना नीट बांधाय येत न्हाय. दाव, बघू.”

मित्राने माझ्याकडे पाहिले. मी पुस्तक दिले. त्यांनी ते खिडकीपाशी नेले, भिंग डोळ्याला लावले आणि नेमके शेवटचे पान उघडले.

“ह्यो मीच की! कान बघ. पर दाढी कुणी लावली मला?”

“कोरडीच्या दिवसांत वस्तरा मिळत नसंल, आब्बा,” मित्र म्हणाला.

“आसंल, आसंल.” ते मनापासून हसले. मग भिंग सरकले आणि त्या चौकटीवर थांबले. वस्तादांनी मान डोलावली. “माती लावतोय. बरं केलं बाबा. म्हातारा झाला तरी वस्ताद हाय, रीत सोडली न्हाय पोरानं.”

त्या चौकटीतल्या फुग्यात ‘आऽऽ! माझे डोळे!’ असे लिहिलेले आहे. अक्षरे बारीक आहेत; ती त्यांना दिसली नाहीत. त्यांनी चित्र पाहिले आणि आयुष्यभर जे केले तेच त्यांना त्यात दिसले. तो फुगा मी वाचून दाखवला नाही. मित्रानेही नाही. वस्तादांनी चहा मागवला, सत्काराला कोणकोण येणार ते विचारले, पेठेतल्या जुन्या पैलवानांना निरोप धाडायला सांगितले. मी चहा प्यालो आणि घरी आलो.

घरी येताना मी स्वतःची समजूत घातली: म्हातारा माणूस, सुखात आहे, शाल घेईल, घरी येईल. नंतर लक्षात आले की संपादक नेमके हेच म्हणाले होते, फक्त मी ते अधिक शुद्ध मराठीत म्हणत होतो. त्यांच्यावर चिडण्याचा मला अधिकार काय? आणि ते जुने पैलवान? त्यांना तर बारीक अक्षरे दिसतात. पेठेत पुस्तक हातोहात फिरेल आणि शाल पांघरून बसलेल्या माणसालाच तेवढे ठाऊक नसेल की सारे त्याच्याकडे का पाहत आहेत. त्यांना अंधारात ठेवून व्यासपीठावर नेणे हीदेखील डोळ्यांत टाकलेली मातीच होती, आणि ती टाकणारा मी होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन मी त्यांच्या कानाशी वाकलो आणि सारे सांगितले. पाणी विकल्याचे, दाढीचे, मातीचे. दोनदा सांगावे लागले, कारण पहिल्यांदा माझा आवाज नेहमीसारखा हळू होता.

“डोळ्यात?” वस्ताद म्हणाले.

“व्हय, वस्ताद.”

“माझ्या?”

“व्हय.”

त्यांनी उशाचे भिंग उचलले. मग म्हणाले, “पंच कोण हुता?”

“पंच नाही तिथं कोणी.”

“मग ती कुस्तीच न्हाय झाली. आन् तू काल हितं बसून चा प्यालास!” त्यांनी भिंग भिरकावले, ते गादीवर पडले म्हणून वाचले. “मी म्हंतोय माती लावतोय, आन् तू माझ्या तोंडाकडं बघत बसलास. त्या पुण्याच्या पोरांचं सोड, ती आपल्या मातीतली न्हाईत. तू तर हौद्याच्या कडंला बसून मोठा झालास की रे!”

मित्राने ‘आब्बा, जाऊ द्या’ म्हटले, तर त्यालाही झापले. “जाऊ द्या काय? तुझा बाप पाणी विकतोय तिथं!” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “मी येत न्हाय. तू जायाचं. आन् असं घशातल्या घशात बोलायचं न्हाय. मागच्या खुर्चीला ऐकू गेलं पायजे.”

रविवारी फेटेवाला आला. मित्र त्याला परत पाठवणार होता, पण वस्ताद गरजले, “बांध! घरात बसून बांधू न्हाय व्हय?” फेटा बांधून ते खिडकीपाशी बसले आणि आम्ही दोघे सभागृहाकडे निघालो.

व्यासपीठामागे ती चौकट भिंतभर मोठी करून लावली होती. इतक्या मोठ्या आकारात मातीचा कण न् कण दिसत होता, आणि वस्तादांच्या कपाळावरची खूणही. मागच्या रांगांत तालमीतले जुने लोक बसले होते. ते चित्राकडे पाहत होते, एकमेकांकडे पाहत होते. त्यांच्या आधी वस्तादांना कळले होते, एवढे एकच समाधान मला त्या वेळी होते. एक खुर्ची रिकामी होती. निवेदिकेने ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ असे म्हटले. फीत बांधलेली पुस्तके तबकातून माझ्यापुढे आली. फीत सोडायची, पुस्तक छातीशी धरून छायाचित्रकारांकडे वळवायचे, हसायचे. ही रीत मलाही माहीत आहे. मी फीत सोडली नाही. तबक बाजूला सरकवले आणि माइकपाशी गेलो.

“वस्तादांची प्रकृती उत्तम आहे,” मी म्हणालो.

“आवाज!” मागून कोणीतरी ओरडले.

मी पुन्हा म्हणालो, या वेळी जोराने. मला माझाच आवाज अनोळखी वाटला. मी सांगितले की ते आले नाहीत, कारण मागे लावलेले चित्र खोटे आहे. आमच्या वस्तादाने पाणी विकले नाही, तो वाटत होता. त्याच्या चेहऱ्याला दाढी चिकटवणाऱ्यांनी ती कशासाठी चिकटवली, हे न समजण्याइतके हे गाव भोळे नाही. माती खांद्यावर लावतात. जो डोळ्यांत टाकतो तो आमचा नायक नव्हे, मग त्याचे बूट कितीही महाग असोत. आणि हे सारे न पाहता ज्याने संमती दिली तो माणूस मीच आहे, तेव्हा पहिला दोष माझ्याकडे धरावा. संपादक पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते. मागून टाळ्या वाजल्या, एक शिटीही वाजली. त्या टाळ्यांची मला लाज वाटली, कारण जे काम फोनवर व्हायला हवे होते ते मी सभागृहात करत होतो.

मग जे झाले त्याची मला कल्पना नव्हती. समारंभ संपताच पुस्तके विकत घ्यायला झुंबड उडाली. लोक माझ्यासमोर रांग लावून उभे राहिले. “जबरदस्त बोललात सर, सही द्या.” ज्या पुस्तकाविरुद्ध मी बोललो तेच माझ्या बोलण्याने खपत होते. पहिली प्रत पुढे आली तेव्हा सवयीने मी पेनही उघडले. मग ते शेवटचे पान उघडले आणि त्या चौकटीवर, फुग्याच्या आरपार लिहिले: ‘माती खांद्यावर. वस्तादांनी पाणी विकले नाही.’ खाली सही केली. दुसऱ्या प्रतीवर तेच, तिसरीवरही तेच. मित्र शेजारी येऊन बसला. त्याने स्वतःचे पेन काढले आणि प्रत्येक दाढी खोडू लागला.

संपादक लगबगीने आले. “सर, प्लीज, पुस्तक खराब होतंय.”

“ते खराबच छापलंय,” मी म्हणालो. त्यांना ऐकू गेले.

पुढच्या आठवड्यात माझ्या भाषणाची चित्रफीत प्रकाशकांनीच फिरवली, ‘मूळ लेखक भडकले!’ अशा मथळ्याने. पुस्तकाची मागणी वाढली म्हणतात. कोल्हापूरबाहेर जिथे जिथे ते पोहोचले तिथे माझे पेन पोहोचलेले नाही. नव्या मालिकेच्या दुसऱ्या अंकावरून माझे आणि मित्राचे नाव काढायला मी लावले, एवढेच हाती होते. चेहरा मात्र त्यांनी काढला नाही. तो आता त्यांच्या मालकीचा आहे, असे कळवले. माणसाच्या बापाचा चेहरा कोणाच्याही मालकीचा होऊ शकतो, हे मला वयाच्या या टप्प्यावर समजले. ते समजल्यापासून मला झोप नीट लागत नाही आणि लागावी असेही वाटत नाही.

दुसरा अंक आला तेव्हा तो घेऊन मी त्याच दिवशी वस्तादांकडे गेलो. ते खिडकीपाशीच होते.

“मी हाय का त्यात?” त्यांनी विचारले.

“हाय,” मी त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो. “मारलंय तुम्हाला, वस्ताद.”

“कुणी?”

“आपल्याच पैलवान पोरानं. गोळी घातली.”

“पाठीत?”

मी पान पुन्हा पाहिले. “पाठीत.”

“मग ठीक हाय,” ते म्हणाले. “म्होरनं आला असता तर धरला असता मी त्याला.” आणि ते खदखदून हसले. मित्रही हसला. मला हसू आले नाही.